चुन्यानं आखलेली मान

जाफरभाई, सोमवारी माझी मान कापायची आहे आणि तुम्हाला जायला नेमका हाच मुहूर्त सापडला.

रागावून सुरुवात करते आहे. गेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात. पण आपण दोघांनी एकाच मेडिकल कॉलेजात, शरीररचनेच्या एकाच विभागात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून सगळी नोकरी भांडण्यात काढली. त्या परक्या शहरात शिकवणाऱ्यांत आपल्या वाशिम जिल्ह्याचे आपण दोघंच, तुम्ही मंगरूळपीरचे आणि मी रिसोडची, म्हणून लोकांना वाटायचं की यांचं गूळपीठ असणार. होतंही. पण मुलांना शरीर कसं शिकवावं यावर आपलं एक दिवस एकमत झालं नाही. आता एकदम गोड बोलायला लागले तर तुम्हालाच संशय येईल.

भाभींचा फोन आला तेव्हा मी यांना पेपर वाचून दाखवत होते. "दुपारी जेवून लेटले ताई, आन् उठलेच नाई," एवढंच त्या म्हणाल्या. मला रडू आलं नाही. खरं सांगते, पहिला विचार आला तो असा की आता मी विचारू कोणाला? तुमच्यासाठीचं रडू दुसऱ्या दिवशी आलं, सकाळी आंघोळ करताना. भीती मात्र त्याच्या आधी आली होती आणि ती अजून गेलेली नाही.

गाठ तुम्हाला ठाऊकच होती. सोनोग्राफीचे फोटो घेऊन मी तुमच्या घरी आले होते आणि तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून, फोटो खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहत बसला होतात. थायरॉइडच्या उजव्या पाळीत खालच्या अंगाला बोराएवढी एक, डाव्या पाळीत वरती बारकीशी दुसरी. मोठी कसली आहे ते बाहेर काढल्याशिवाय कळायचं नाही. तिच्या मागून जी नस जाते, तिचं नाव त्या दिवशी आपण दोघांनीही घेतलं नाही. आवाजाची नस. जाडीला दोऱ्याएवढी. मानेतून आधी खाली छातीकडे उतरते, तिथं धमनीला वळसा घालते आणि परत वर येऊन स्वरयंत्रात शिरते. फळ्यावर मी ती इतक्या वेळा काढली आहे की झोपेतही काढीन. तिला धक्का लागला की आवाज बसतो, आणि तुटली तर जो काही उरतो त्याला आवाज म्हणवत नाही.

आमच्या घरात माझा आवाज म्हणजे काय, ते तुम्ही पाहिलं आहे. काचबिंदूनं यांचे दोन्ही डोळे गेले तेव्हापासून दिवसभर माझी टकळी सुरू असते. पायरी आली. चहा डाव्या हाताला, गरम आहे. थांबा, मध्ये बादली आहे. दुकानाच्या गादीवर नेऊन बसवलं की हे कापड बोटांनी ओळखतात, गिऱ्हाईक बोलण्यावरून ओळखतात, पण घरापासून दुकानापर्यंतचा रस्ता ते माझ्या तोंडानं चालतात. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "शेठजीचे डोये तुमच्या गळ्यात हायेत ताई." तेव्हा तिघंही हसलो होतो.

आणि ह्या गळ्याचा प्रश्न आला की मला तुमचं ते मैदान आठवतं.

विच्छेदनगृहामागच्या मोकळ्या जागेत तुम्ही चुन्यानं शरीर आखायचात. कधी खांदा, कधी गुडघा, कधी मान. आट्यापाट्यांच्या पाट्या आखाव्या तसं, चांगलं खोलीएवढं मोठं. धमन्या गेरूच्या, शिरा कपड्यांच्या निळीच्या. नसा मात्र दिसायच्या नाहीत. तिथं सुतळी अंथरून वर माती भुरभुरवलेली असायची. मुलांनी जोडीनं आत उतरायचं, धमनीच्या खुंटीला दोरी बांधायची, गाठ म्हणून ठेवलेला नारळ उचलून बाहेर आणायचा. वाटेत कुणाचा पाय सुतळीवर पडला की तुमची शिट्टी, आणि मग दंड. जी नस तोडली तिचं दुखणं दिवस मावळेपर्यंत स्वतःच्या अंगावर वागवायचं. हाताची नस तोडलेला पोरगा कॅन्टीनमध्ये लोंबत्या पंजानं कप उचलायची खटपट करायचा. चेहऱ्याची तोडलेली पोरगी अर्ध्या तोंडानं हसायची. पायाची तोडलेला पाऊल फरफटत हॉस्टेलचा जिना चढायचा. आणि आवाजाची नस तोडली की माणूस मुका.

मला ते आवडायचं नाही. अजूनही आवडत नाही, तुम्ही गेलात म्हणून आवडायला लागलं असं काही झालेलं नाही. मी म्हणायची, आत टेबलावर माणूस निजलेला आहे, कुणीतरी विश्वासानं दिलेलं शरीर आहे ते. पोरांना आधी नीट घाबरू द्या. तुम्ही खेळ करून त्यांची भीतीच काढून टाकता. तुमचं उत्तर ठरलेलं. "भीती काढत नाई ताई. भीती कुटं ठेवाची, ते दाखवतो."

"आणि संध्याकाळी दंड सुटतो त्याचं काय? पेशंटला अशी संध्याकाळ असते का?"

यावर तुम्ही शिट्टी खिशात टाकून चहा सांगायचात. आणि मी तुमच्यावर चिडून असायची, तरी रमजानच्या महिन्यात संध्याकाळी टेबलावर थांबायची. दिवस मावळला की मला, जैनाघरच्या बाईला, खाता यायचं नाही आणि तुम्हाला, रोजा सुटला म्हणून, खाता यायचं. मी माझ्या डब्याचं झाकण लावायची, तुम्ही तुमच्या डब्याचं काढायचात आणि त्या घटकेला आपण एकमेकांकडे बघून हसायचो. भांडण कुठवर आलं होतं ते दोघंही विसरायचो.

वैशालीच्या वेळी मात्र विसरले नाही. आपल्याकडच्या केनवडची पोरगी, पहिल्या वर्षाची, घाबरट, पुस्तक तोंडपाठ. मानेच्या मैदानात तिनं धमनी झकास बांधली आणि मागे सरकताना टाच सुतळीवर पडली. शिट्टी वाजली. नेमके त्याच दुपारी तिचे वडील गावाहून आले, पोरीसाठी भाकरी, ठेचा आणि नवा स्वेटर घेऊन. ते विचारताहेत, "कशी हायेस माय? जेवली का?" आणि पोरगी नुसती मान हलवते आहे. त्यांना वाटलं, हॉस्टेलात कोणी छळलं की काय, वाचा बसली की काय. मी समजावून सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसेना. "बोल ना व बाई, काई तं बोल," म्हणत तो माणूस मातीत खाली बसला.

मी तुमच्यावर ओरडले, "सोडा तिला, जाफरभाई! खेळ आहे हा!"

"म्या कुटं बांधून ठेवलं तिले? बोलाचं असन तं बोलन."

ती बोलली नाही. बापाचा हात धरून रडत बसली, पण दिवस बुडेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही. तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "बाबा". त्यानंतर मी तुमच्याशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होते.

तीच वैशाली आता वाशिमला सर्जन आहे. सोमवारी माझी मान तीच उघडणार आहे.

नागपूरला जा असं सगळ्यांनी सांगितलं. पण परक्या गावात, परक्या जिन्यांवर यांना कोण सांभाळणार? आणि तुम्ही तर सुरुवातीपासून एकच धरून बसला होतात. "वैशालीपाशीच जा. डोये मिटून जा." डोळे मिटून कशी जाऊ? तिची टाच सुतळीवर पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. फोनवर तसं म्हटलं तर तुम्ही खो खो हसलात. "एवढ्या भेता काहून ताई? मी हावो ना." मला पुढे विचारायचं होतं की ते सगळं आठवत असूनही तुम्ही तिचंच नाव का घेता. पण तेवढ्यात यांनी हाक मारली आणि उद्या बोलू म्हणून मी फोन ठेवला. उद्याचं परवा झालं. तपासण्यांसाठी वाशिमच्या खेपा सुरू होत्या. आणि मग भाभींचाच फोन आला. मी हावो ना म्हणणारा माणूस असा निघून जातो का?

यांना मी गाठ आहे एवढंच सांगितलं होतं, नसेचं लपवलं होतं. तुम्ही गेल्यावर लपवून ठेवण्याचं बळ राहिलं नाही. सगळं सांगून टाकलं. हे धोतराची कड चाचपत बसले. मग म्हणाले, "तं मंग टाया वाजवजो."

"कसल्या टाळ्या?"

"एक वाजवली तं थांबतो. दोन वाजवल्या तं पायरी. तीन वाजवल्या तं गरम हाय, समजलो."

आणि लगेच उठले तालीम करायला. मी मागून टाळ्या वाजवत होते. गडबडीत एकीच्या जागी माझ्या दोन वाजल्या, हे नसलेली पायरी चढायला गेले आणि खाटेवर आदळले. "जमन, जमन," म्हणाले गुडघा चोळत. जाफरभाई, सत्तरीला टेकलेली दोन माणसं घरात टाळ्यांचा खेळ खेळत होती आणि दोघांनाही कळत होतं की हा खेळ नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात धरून रडले. हे बाहेर एकटेच टाळ्या वाजवून पाहत होते.

काल तुमच्या घरी आले. यांच्यापाशी शेजारणीला बसवलं, रिसोडहून एसटीनं वाशिम गाठलं आणि तिथून मंगरूळपीरची गाडी धरली. भाभी आणि मी बोललो थोडं, रडलो जास्त. तुमचा चष्मा खिडकीत तसाच होता. मग त्या म्हणाल्या, "मागच्या आंगनात या ताई. त्याईनं काय काढून ठेवलं ते तुमीच पाहा. मी कोनाले झाडू मारू देल्ला नाई."

लोकांची ये-जा पुढच्या दारानं झाली, म्हणून मागच्या लिंबाखाली चुन्याच्या रेघा टिकल्या होत्या. मला वाटलं, नातवंडांसाठी काहीतरी आखलं असेल. मग गेरूच्या धमन्या दिसल्या. मान होती. पण नेहमीच्या मानेपेक्षा लांब. मला बगळ्याची मान म्हणून चिडवायचात ना? आणि उजव्या पाळीत, खालच्या अंगाला, मोठी गाठ. डाव्या पाळीत वरती बारकी. जाफरभाई, ती मान माझी होती.

मी लिंबाचा बुंधा धरला. भाभी शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "तुमचा फोन आला ना, तवापासून जेवनात ध्यान नोतं त्याईचं. दुसऱ्या दिवशी चुना मांगवला. मी बोल्ली, अजी आता कायले? तं म्हने, ताईले म्या हासून देल्लं, पन मलेच भेव लागून राह्यलं. मंग इतवारी वैशाली डॉक्टरले बोलावलं. सकायपासून दोघं याच्यातच चालून राह्यले होते."

तुम्हाला भीती वाटत होती. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तुमच्यासारख्या माणसाला भीती वाटावी असं माझ्या मानेत काय दिसलं होतं?

मग सुतळी पाहिली. चालून चालून माती विस्कटली होती आणि ती उघडी पडली होती. भलत्याच जागी होती. खाली उतरून, वळसा घालून परत वर यायला हवी, तर ही खाली गेलेलीच नव्हती. मानेच्या बाजूनं निघून सरळ आडवी स्वरयंत्रात शिरली होती. हयातभर जी नस शिकवली ती शेवटी माझ्याच मानेत चुकलात? आणि हेच चुकलेलं त्या पोरीला घोटून घोटून शिकवून गेलात?

"वैशाली काही म्हणाली का जाताना?" मी विचारलं.

"काईच नाई. एकदा याईची शिटी आयकू आली, आन् पोट्टी चूपच झाली. जेवाले वाढलं तं जेवली, पन तोंडातून शब्द नाई. मले वाटलं, रागावले का काय तिच्यावर."

शिट्टी. म्हणजे ती पुन्हा चुकली होती, आणि या वेळी माझ्या मानेत.

तिथूनच तिला फोन लावला. इकडचं तिकडचं न बोलता सरळ विचारलं, "वैशाली, सरांकडे त्या दिवशी तू कुठं चुकलीस?"

"आवाजाच्या नसेवर पाय पडला, मॅडम."

एक क्षण थांबली नाही, सबब सांगितली नाही. मी लिंबाच्या मुळाशी खाली बसले. तीच पुढे बोलत राहिली. "सरनं नस आडवी काढली होती. उजव्या बाजूले एखाद्याची खाली उतरतच नाही ना, तशी. मी नेहमीच्या जागी शोधली. नाही सापडली तं वाटलं, पुढं असन, आन् पुढं सरकली. तिथंच पाय पडला."

तशी नस क्वचित कुणाची असते, हे मीच वर्गात सांगत आले होते. भीतीनं माझं डोकं बंद पडलं होतं, दुसरं काही नाही. तुम्ही चुकला नव्हतात. तुम्ही तिला फसवायला ती तशी टाकली होती.

"मग सर काय म्हणाले?"

"म्हने, पुस्तकातली मान तं तुले पाठच हाय. ताईची मान आपन कोनीच पाह्यली नाई. नस सापडली नाही तं पुढं सरकाचं नाही, तिथंच थांबाचं. डोयानं दिसल्याबिगर काही बांधाचं नाही, काही कापाचं नाही." आणि तिनंच पुढे सांगितलं, "मी घरी जाऊन बी दिवस बुडेपर्यंत बोलली नाही, मॅडम. लेक आई आई करून राह्यली होती, तरी नाही." मग ती म्हणाली, "तुम्हाला नागपूरले जाचं असन तं आजच सांगा. मी स्वतः तिकडच्या सरांशी बोलते. मले राग नाही येनार."

"तुला भीती वाटते का गं?"

"वाटते ना."

नागपूरचं काही न ठरवता मी फोन ठेवला.

आपलं भांडण मिटलं असं समजू नका. तुमच्या अंगणात दिवस मावळतो आणि दंड सुटतो. माझ्या गळ्यात तो सुटायचा नाही, यांच्या खाटेवर आदळण्यालाही संध्याकाळ नसेल. याचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं, वैशालीकडेही नाही. पण मला हसून वाटेला लावलंत आणि स्वतः या वयात वाकून वाकून माझी मान आखत बसलात, हे मला तोंडानं सांगायला काय झालं होतं? मीही कुठं काही सांगितलं म्हणा. तुमच्याशी भांडल्याशिवाय मला माझंच म्हणणं नीट सुचायचं नाही. मुलांपुढे मी जे काही बरं बोलले, ते आधी तुमच्याशी हुज्जत घालून घासलेलं होतं. हे एकदा तरी म्हणायला हवं होतं. आता लिंबाखाली उभी राहून म्हटलं, तर भाभींना वाटलं मी मंत्र म्हणते आहे.

मग मी चपला काढल्या. सगळ्या नोकरीत तुमच्या मैदानात मी एकदाही पाय ठेवला नव्हता, हट्टानं ठेवला नव्हता. काल उतरले. भाभींनी हात धरला. हनुवटीकडून आत गेले, गेरूच्या कडेकडेनं खाली आले, गाठीपाशी पोचले. माती गार होती. समोर ती आडवी सुतळी, पाऊलभर अंतरावर. माझ्या मानेत ती अशीच असेल की नेहमीसारखी, ते ना तुम्हाला माहीत होतं, ना मला माहीत आहे. पाय उचलेना.

"थांबल्या काहून ताई?" भाभी म्हणाल्या. "चाला ना. आता कोन वाजवते शिटी?"

"इथून पुढं मी नाही भाभी," मी म्हटलं. "इथून पुढं वैशालीनं जायचं आहे."

सोमवारी वाशिमलाच जाते, जाफरभाई. फार भीती वाटते.